खेकड्याला गाडीचा रंग

पेंटरला घरीदारी सगळे पेंटरच म्हणत. त्याची बायकोसुद्धा चारचौघांत ‘आमचे पेंटर’ असंच म्हणायची. तीस वर्षं त्याने गाड्या रंगवल्या होत्या. आपण रंगवलेल्या दारात बघून माणसाला दाढी करता आली पाहिजे, असा त्याचा दंडक होता. एका गिऱ्हाइकाने खरंच करून पाहिली. हनुवटी कापली, पण पेंटरच्या मते तो दोष वस्तऱ्याचा.

अशा माणसाच्या बैठकीच्या खोलीत आठवडाभर एक खेकडा बिनरंगाचा पडून होता आणि त्याला खेकड्याच्या जवळही फिरकू दिलं जात नव्हतं.

खेकडा मुलीचा होता. मुलगी प्राणिशास्त्र शिकली होती आणि एका संग्रहालयात सहा महिन्यांसाठी लागली होती. तिथे येणारी पोरं बरण्यांतले खेकडे बघून जांभया देतात, हे तिने मोजून पाहिलं होतं. पंचवीस पोरांमागे अकरा जांभया. म्हणून तिने तिथल्या मोठ्या बाईंना सुचवलं, की मीच खेकडा होते आणि पोरांना चालून दाखवते. बाई म्हणाल्या, शनिवारी करून दाखव. जमलं तर तुझी जागा कायम करू, नाही जमलं तर सहा महिने झाले की आपला रामराम.

मग तिने व्यायामाच्या चटईसारखे मऊ प्लॅस्टिकचे तक्ते आणले आणि कात्रीने तुकडे कापले. पाठ एक, पोटाच्या पट्ट्या सात, नांग्या दोन, पाय आठ. आठातले दोन तिच्या स्वतःच्या पायांवर चढवायचे, उरलेले सहा कुशीतून लोंबणारे. कोपरांना दोऱ्या बांधल्या होत्या. उजवा हात वर केला, की उजवीकडचे तिन्ही पाय वर उचलले जायचे. प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने नंबर घातला होता. खिडकीच्या गजांना सहा छोट्या पट्ट्या टांगल्या होत्या, प्रत्येकीवर वेगळा रंग. सकाळ-संध्याकाळ ती त्या पट्ट्या वाकवून बघे आणि वहीत काहीतरी लिही.

“एवढ्या वेळात मी बस रंगवून मोकळा झालो असतो,” रविवारी पेंटर म्हणाला.

“बस वेगळी, बाबा.”

“काय वेगळी? रंग तो रंग.”

“तुम्ही नका ना पडू यात. प्लीज.”

पेंटर वर्तमानपत्राच्या आड गेला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “अख्ख्या गावाच्या गाड्या रंगवल्या. घरच्या खेकड्याला आम्ही चालत नाही.”

“अहो, पेपर उलटा धरलाय तुम्ही,” बायको म्हणाली.

सोमवारी मुलगी दोन दिवसांसाठी समुद्रकाठी नमुने गोळा करायला गेली. तिची रिक्षा कोपऱ्यावर वळली न वळली, तोच पेंटरने खेकड्याचे अठरा तुकडे चादरीत बांधले.

“विचारलंत का तिला?” बायको दारात आडवी उभी राहिली.

“विचारून दिली तर ती भेट कसली?”

“ती चिडली तर मी मध्ये पडणार नाही हं. आत्ताच सांगून ठेवते.”

“चिडेल कशाला? आनंदाने उडी मारेल.”

गॅरेजमध्ये पेंटरने खेकड्यासाठी जीव ओतला. मऊ प्लॅस्टिकवर बारीक भोकं दिसत होती, ती त्याने लांबी भरून बुजवली. घासून गुळगुळीत केलं. अस्तर दिलं. मग फवाऱ्याच्या गनने लाल रंगाचे तीन हात, कडेला नारिंगी छटा, आणि सगळ्यावर पारदर्शक लॅकर. शेजारच्या गाडीचं गिऱ्हाईक दोनदा येऊन परत गेलं. मंगळवारी दुपारी पाठ उन्हात धरली, तर तिच्यात गॅरेजचं छप्पर दिसत होतं, आणि छपरावरचा कावळासुद्धा.

संध्याकाळी मुलगी आली, दारातच थबकली आणि तिच्या हातातली पिशवी खाली टेकली.

“बाबा,” ती म्हणाली, “हे किती सुंदर झालंय!”

पेंटरने बायकोकडे असं पाहिलं, की जणू निकाल लागला. बायकोनेही नाइलाजाने मान डोलावली. मुलीने पाठ चढवली, नांग्या अडकवल्या, पोटाच्या पट्ट्या बांधल्या. आरशासमोर उभी राहिली. खेकडा नुकताच शोरूममधून आल्यासारखा दिसत होता.

मग ती खेकड्यासारखी खाली बसली.

तट्.

ती उठली. तट्, तट्, तटाक्. पाठीच्या मधोमध आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा पडल्या होत्या. तिने नांगी मिटली, तर लॅकरचा एक मोठा पापुद्रा उडून बायकोच्या मांडीवर पडला. कोपर वाकवलं, की लाल भुसा. गुडघा वाकवला, की नारिंगी.

“जरा कमी वाक,” पेंटर बारीक आवाजात म्हणाला.

“बाबा, खेकड्याला सगळीकडे सांधेच असतात.”

ती ओरडली असती, तर पेंटरला बरं वाटलं असतं. भांडायला काहीतरी सापडलं असतं. पण ती शांतपणे बसली, वही उघडली आणि लिहू लागली. पेंटरने तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं: ‘नमुना क्र. ७. गाडीचा रंग (बाबा). पहिल्याच उठाबशीत तडे. कारण : खालचा पदार्थ दबतो, वरचा दबत नाही. बाद.’

बाद! तीस वर्षांत त्याच्या कामावर हा शेरा कुणी मारला नव्हता.

“आता नवे तक्ते?” बायकोने विचारलं.

“आठ दिवस लागतात यायला. शनिवार चार दिवसांवर आलाय.” मुलीचा आवाज पहिल्यांदाच हलला. “आणि खिडकीतल्या सहांपैकी एकही टिकलेला नाही.”

रात्रीच्या जेवणाआधी तिघं मटार सोलायला बसल्यासारखी बसली आणि खेकडा सोलू लागली. वाकवायचं, तडकवायचं, पापुद्रा ओढायचा. पेंटरने स्वतःच्या हातचा आरसा स्वतःच्या नखांनी उकलून काढला. बायको एकदा म्हणाली, “चिकटलाय मात्र छान,” आणि ते कौतुक होतं की टोमणा, हे पेंटरला शेवटपर्यंत कळलं नाही.

बुधवारी सकाळी त्याने एक सोललेला पाय काखोटीला मारला आणि गॅरेजच्या भिंतीपलीकडे गेला.

पलीकडे सीटवाला होता. गाड्यांच्या सीटा शिवायचा, फाटलेल्या जोडायचा, उडालेला रंग पुन्हा भरायचा. पेंटर त्याच्या धंद्याला ‘मऊ कामं’ म्हणे. चार वर्षांपूर्वी पेंटरच्या गनमधला लाल फवारा वाऱ्याने भिंतीवरून गेला आणि बाहेर वाळत घातलेल्या सहा पांढऱ्या सीटकव्हरांवर बसला. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. काही सांगायचंच असलं, तर भिंतीवर हातोडी ठोकत. एक ठोका म्हणजे धूळ येतेय. दोन ठोके म्हणजे येऊ दे.

“मऊ वस्तूवर रंग टिकवतोस कसा?” पेंटरने दारातूनच विचारलं.

सीटवाल्याने मान वर केली नाही. “पुन्हा बोल. मशीन चालू होतं.”

मशीन बंद होतं. पेंटरने गिळलं आणि पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्याने.

सीटवाल्याने पाय हातात घेतला, वाकवला, बेचकीत राहिलेला एक कण नखाने टोकरला आणि डोळ्यांजवळ धरला. त्याच्या मिशा हलू लागल्या.

“लांबी भरलीस याला?”

“भरली.”

“गादीला लांबी!” सीटवाला स्टुलावरून पडायचा बाकी राहिला. “गादीला! अरे, उशीलाही भरून आण!”

“हसून घे.”

“घेतोच. चार वर्षांचं साठलंय.” त्याने यथेच्छ हसून घेतलं, डोळे पुसले आणि विचारलं, “कुणाचं आहे हे?”

“मुलीचं. शनिवारी तिची नोकरी अडकलीये यात.”

हसणं थांबलं. सीटवाल्याने दुसरं स्टूल पायाने पुढे ढकललं.

“बस. तुझं बॉनेट कधी उठतं-बसतं का? नाही. ते आपलं ऐटीत उन्हात उभं. माझ्या सीटवर दिवसभर माणसं बसतात, त्यात भरभक्कमही असतात. रंगाने त्यांच्याबरोबर दबायचं आणि त्यांच्याबरोबर वर यायचं. नुसता चिकटून काय उपयोग?”

त्याने फळीवरून एक डबा काढला. आतला रंग दाट दुधासारखा, लाल आणि किंचित रबरी वासाचा. वाळला की तोही रबरासारखाच ताणला जातो, म्हणाला.

“लाल बरा सापडला तुझ्याकडे?”

“तुझीच कृपा. ती सहा कव्हरं मग अख्खी लालच करावी लागली मला. उरलाय अर्धा डबा.”

पेंटरने घाईने स्पंज उचलला. सीटवाल्याने तो काढून घेतला, पिळला आणि जवळजवळ कोरडा करून परत दिला. “टिपायचं. फासायचं नाही. पातळ हात, मग वाकवायचं. वाळला, की पुन्हा पातळ हात, पुन्हा वाकवायचं.”

संध्याकाळी मुलीने त्या रंगाने टिपलेल्या नव्या पट्टीकडे पाहिलं. ती खूश झाली, पण हुरळली नाही.

“खेळात साठ उठाबशा, दिवसाला दोन खेळ, महिन्यातून चार शनिवार. चारशे ऐंशी. वर वीस सावधगिरीच्या. पाचशे वेळा वाकवून बघू.”

“मी वाकवतो,” पेंटर म्हणाला.

गुरुवारी सकाळी तो पट्टी घेऊन खुर्चीत बसला. तीनशे बारापर्यंत कुठेही रेघ नव्हती.

“अहो, शनिवारी शर्ट कुठला घालणार?” आतून बायको.

“निळा,” तो म्हणाला. “तीनशे… निळा.”

मुलगी शेजारीच डबा भरत होती. तिने डब्यावरून मान वर केली. “पुन्हा एकपासून, बाबा.”

“अगं, तीनशेच्या पुढे होतं नक्की.”

“नक्की किती?”

तो पुन्हा एकपासून लागला. पाचशे झाले तेव्हा पट्टी जशीच्या तशी होती आणि त्याचा अंगठा मिटत नव्हता.

त्या दुपारपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत सीटवाल्याच्या दुकानात खेकडा रंगत होता. पेंटर टिपायचा, सीटवाला वाकवायचा. तिसऱ्या हातानंतर पेंटरचा स्पंज आपोआप चौथ्यांदा डब्याकडे वळला आणि सीटवाल्याने त्याच्या मनगटावर फटका मारला.

“चकाकी नाही आली,” पेंटर कुरकुरला.

“खेकडा चकाकतो का?”

पेंटरने घरी जाऊन मुलीला विचारलं. “ओला असताना चकाकतो,” ती नेमकेपणाने म्हणाली. “वाळला की नाही.” वाळलेला खेकडा, असं पेंटरने स्वतःला बजावलं.

शनिवारी संग्रहालयाच्या दालनात साठेक पोरं मांडी घालून बसली होती. मागच्या भिंतीशी मोठ्या बाई, आणि त्यांच्या शेजारी निळ्या शर्टातला पेंटर, त्याची बायको आणि सीटवाला. खेकडा आडवा आडवा चालत आत आला. पोरं किंचाळली. खेकड्याने उजवी नांगी उचलली, तीन पाय वर गेले. मग तो खाली बसू लागला. पेंटरने डोळे मिटून कान टवकारले.

आवाज आला नाही. उठताना नाही, पुन्हा बसताना नाही. पेंटरने मोजायला सुरुवात केली, आणि एकेचाळिसाव्या उठाबशीला त्याच्या लक्षात आलं, की अजून एकाही पोराने जांभई दिलेली नाही.

खेळ संपल्यावर बाई मुलीजवळ आल्या. एक तारखेला ये, कायमच्या कागदावर सही करायला, म्हणाल्या. मग पाठीवरून हात फिरवून त्यांनी विचारलं, “रंग कुणी दिला गं?”

मुलीने नांगी उचलली आणि भिंतीकडे रोखली. तिथे दोघं उभे होते. सीटवाला छताकडे बघू लागला. पेंटर घसा खाकरून पुढे झाला. तीस वर्षं या प्रश्नाला त्याचं उत्तर एकाच शब्दाचं होतं.

“रंग यांचा,” तो म्हणाला. “शिकवलंही यांनी. मी फक्त टिपला.”

“जास्तच टिपत होता,” सीटवाला छताकडेच बघत म्हणाला. “मी नसतो तर चौथा हात देत होता.”

“एक हात द्यायचा होता नुसता!”

“त्या एका हाताने भेग पडली असती.”

“पाचशे वेळा वाकवलंय मी!”

“आठशे बारा वेळा, बाबा,” खेकडा आतून म्हणाला. “आधीचे तीनशे बारा मी मोजले होते. आता दोघं मिळून माझी पाठ सोडवा. बंध मागे आहेत.”

दोघंही मागे गेले, आणि कुठला बंध आधी सोडायचा यावरून पुन्हा जुंपली.