बकुळाचं वाढलेलं वजन

मित्रांनो, लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर लहान मुलांचा धर्मादाय दवाखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली जो उंच वजनकाटा उभा आहे, तो मी. माझा पांढरा रंग जागोजागी उडाला आहे. मुलं जिच्यावर उभी राहतात ती लोखंडी फळी कडेने गंजली आहे. पण माझी दांडी अजून सरळ आहे.

माझा जन्म चिंचपोकळीच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तुळशीदास नावाच्या कारागिराने माझी दांडी कानशीने घासून समतोल केली. थोडं घासायचं, वजन ठेवून बघायचं, पुन्हा घासायचं, असं त्याचं दिवसभर चाललं होतं. शेजारचा कामगार वैतागून म्हणाला, "पोरांच्या दवाखान्यात तर जायचाय हा. एवढं काय घासतोस?"

"पोरांचंच वजन करायचंय म्हणून घासतोय," तुळशीदास म्हणाला. "त्यांचं पाव किलोपण लई असतं रे."

या वाक्याचा अर्थ मला पुढे कळला, आणि तो फार कठोरपणे कळला.

दवाखान्यात मीराबाई नावाच्या डॉक्टर होत्या. दादरहून चालत यायच्या. आसपासच्या तीन चाळींतल्या दीडशे मुलांचा त्या अभ्यास करत होत्या. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन आणि उंची घ्यायची, आणि तीन प्रश्न विचारायचे: किती दिवस आजारी होतास, काय जेवलास आणि किती वेळ खेळलास. तिसऱ्या प्रश्नाला मुलं हसायची. डॉक्टरीणबाई खेळाचं कशाला विचारतात, हे त्यांना कळायचं नाही. पण मीराबाई सगळं लिहून घ्यायच्या. 'लगोरी, एक तास.' 'आईने सोडलं नाही.' 'तीन दिवस सर्दी.' मुलांना माझ्यावर उभं करायचं काम समोरच्या चाळीतल्या सुंदराबाईंचं. त्या मोठ्या आवाजाच्या आणि फार मायाळू होत्या.

मग ब्याऐंशी साल उजाडलं आणि गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगे थांबले. पहिले दोन महिने मला काही जाणवलं नाही. तिसऱ्या महिन्यापासून मात्र मुलं हलकी होत गेली. माझ्या दांडीवरचं सरकतं वजन सुंदराबाईंना दर खेपेला मागे घ्यावं लागायचं. कुणी अर्धा किलो उतरलेलं, कुणी एक. काही मुलं गावी गेली आणि वहीतली त्यांची पानं कोरी राहिली. राहिलेल्या मुलांचं खेळणंही कमी झालं. चौकात मुलं भिंतीला टेकून बसून असत. मित्रांनो, मुलांनी असं गप्प बसावं यासारखी वाईट खूण नाही.

त्या दिवसांत एकाच मुलीचं वजन वाढलं. तिचं नाव बकुळा. वय वर्षं सात. तिचे वडील सीताराम गिरणीत सूतखात्यात होते, आई कमलाबाई. तिघं याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. मागच्या महिन्यात सतरा किलो भरलेली बकुळा या महिन्यात वीस भरली.

"अगं बया!" सुंदराबाई ओरडल्या. "सगळी पोरं उतरतायत आणि ही एकटी चढली बघा!"

सीतारामने लेकीच्या गालाला हात लावला. "काय गं बाय, भरलीस की! आमच्या ताटातलं हिलाच देतो आम्ही. कामी आलं म्हणायचं."

कमलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कित्येक आठवड्यांत त्या खोलीत कुणी एवढं आनंदलं नव्हतं. मीराबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. सुंदराबाईंनी वहीत 'वीस किलो' लिहिलं आणि खाली एक रेघ मारली. मलाही अभिमान वाटला. माझ्या दांडीने एक तरी चांगली बातमी दिली होती.

चार दिवसांनी मीराबाईंनी ते पान उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सुंदराबाई, या मुलीला आत्ताच्या आत्ता खाली आणा."

बकुळा आली तेव्हा तिचे डोळे सुजून बारीक झाले होते. मीराबाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खड्डा पडला. तो भरून यायला बराच वेळ लागला.

"हे मांस नाही, कमलाबाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अंगात पाणी साठलंय. हिच्या मूत्रपिंडाला आजार झालाय. आज परळला मोठ्या इस्पितळात न्यायला हवं."

कमलाबाईंनी लेकीला जवळ ओढलं. सुंदराबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आणि मी? मी आकडा खरा दाखवला होता. वीस म्हणजे वीसच. तरी त्या खऱ्या आकड्यामुळे आम्ही सगळे चार दिवस फसलो होतो.

इस्पितळातून गोळ्या सुरू झाल्या. बकुळा रोज सकाळी काही खाण्याआधी माझ्यावर उभी राहायची. मीराबाईंनी सीतारामला काचेच्या नळीत लघवी उकळून बघायला शिकवलं. पांढरी झाली तर आजार आहे, स्वच्छ राहिली तर बरं आहे. पाणी उतरू लागलं, तसा दांडीवरचा आकडाही खाली येऊ लागला. अठरा, सतरा, सोळा. आता वजन घटलं की सीताराम हात जोडायचा. पण सोळाचा आकडा बघून कमलाबाई रडल्या. सुजेखाली आपली मुलगी एवढीशी उरली आहे, हे त्यांना तेव्हा दिसलं.

पुढच्या वर्षभरात ती एकदा पुन्हा सुजली आणि गोळ्या लांबल्या. मग वेगळंच झालं. त्या गोळ्यांनी बकुळाला सारखी भूक लागायची, चेहरा चंद्रासारखा गोल झाला. वजन पुन्हा चढलं, आणि या वेळी ती चरबी होती. मुलं तिला 'भोपळा' म्हणू लागली. आईने तिला खेळायला सोडणं बंद केलं. शाळेतही कवायतीच्या तासाला ती वर्गात बसून राही. वहीत तिच्या नावापुढे एकच उत्तर येत राहिलं: 'खेळली नाही.'

चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला चौकात मुलींचं लेझीम पथक उभं राहिलं. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक होती. बकुळा माझ्याशेजारच्या खिडकीत उभी राहून बघायची. तिचे पाय जागच्या जागी पडायचे, तेही तालात. मीराबाईंनी ते पाहिलं आणि कमलाबाईंना समजावलं, "थोडं थोडं खेळू द्या हिला. अंग जड होत चाललंय आणि मन त्याहून जड."

कमलाबाईंनी मन घट्ट करून परवानगी दिली. बकुळा दोन आठवडे लेझीम खेळली. आणि एका सकाळी नळीतली लघवी पांढरी झाली. वजन दीड किलोने वर गेलं.

कमलाबाई त्या दिवशी वाघिणीसारख्या आत आल्या. "तुमचं ऐकलं मी! नाचवलीत ना माझ्या पोरीला? माझी एकच आहे, डॉक्टरीणबाई. तुमच्या वहीत दीडशे आहेत."

मीराबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या वेळी त्यांनाही भीती वाटली असावी की चूक आपलीच. मग त्यांनी वही घेतली आणि सुंदराबाईंपुढे ठेवली. "बकुळाची सगळी पानं वाचा. मोठ्याने वाचा. दरवेळी ती सुजली त्याच्या आधीच्या दिवसांचं काय लिहिलंय, तेवढंच."

सुंदराबाई वाचू लागल्या. "पहिल्या खेपेला... पाच दिवस सर्दी, ताप. खेळली नाही. दुसऱ्या खेपेला... सर्दी, खोकला. खेळली नाही. आणि आत्ता... घसा धरला, नाक वाहतंय. लेझीम."

"दोनदा ती घरात बसून होती, तरी सुजली," मीराबाई म्हणाल्या. "सर्दी मात्र तिन्ही वेळा होती. पुस्तकंही हेच सांगतात, पण तुम्ही माझ्या पुस्तकावर विश्वास ठेवू नका. तुमच्या डोळ्यांसमोर घडलंय ते आठवून बघा."

कमलाबाईंनी वहीच्या त्या पानांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तेव्हा नाक गळत होतं खरं. मीच पुसत होते." त्यांनी विचारलं, "म्हणजे शिंक आली की लगेच खाली आणायची?"

"त्याच दिवशी. आणि बरी असेल तेव्हा खेळू द्यायचं."

महिनाभर गोळ्या वाढवाव्या लागल्या. सूज उतरली. संप मोडल्यावरही सीतारामला गिरणीने परत घेतलं नव्हतं. सगळी सकाळ त्याच्या हातात रिकामी असायची. तो बकुळाला घेऊन चिंचपोकळीच्या पुलापर्यंत चालत जायचा आणि परत यायचा. कामाला निघाल्यासारखा तो रोज ठरल्या वेळी निघे.

चौदा एप्रिलला मिरवणूक आमच्या खिडकीसमोरून गेली. सगळ्यात मागच्या रांगेत बकुळा होती. पांढरा फ्रॉक, गोल चेहरा, हातात लेझीम. तिला धाप लागत होती, दोनदा ताल चुकला, पण ती थांबली नाही. कमलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन पूर्ण रस्ताभर तिच्या बाजूने चालल्या.

त्यानंतरही बकुळा चार वेळा सुजली. चारही वेळा सर्दी होताच तिला खाली आणलं होतं, म्हणून दोन-तीन दिवसांतच आजार आटोक्यात आला. चौदाव्या वर्षी तो कायमचा गेला. दीडशेपैकी सगळ्यांचं असं झालं नाही. दोन मुलांच्या पानांवर मीराबाईंना शेवटची तारीख लिहावी लागली. ते लिहून त्या बराच वेळ माझ्या फळीवर बसून राहिल्या होत्या.

मित्रांनो, पुढे गिरण्यांच्या जागी उंच इमारती आल्या. चौकात गाड्या उभ्या राहू लागल्या. आता माझ्याकडे येणारी मुलं जड असतात, आणि खेळाचा प्रश्न विचारला की खाली बघतात. गेल्या वर्षी शाळेची तपासणी माझ्यावरच झाली. एक मुलगा वजन कमी भरावं म्हणून चप्पल काढून, मग पट्टाही काढून उभा राहिला. रांगेतली मुलं आकडा वाचायला पुढे सरकली आणि फिदीफिदी हसू लागली. म्हाताऱ्या सुंदराबाई तिथेच बसल्या होत्या. त्या कष्टाने उठल्या, त्या मुलाला खाली उतरवून त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून फिरवलं आणि माझं तोंड भिंतीकडे केलं. मग त्याला पुन्हा फळीवर घेऊन त्या भिंतीच्या आणि माझ्या मध्ये उभ्या राहिल्या, आकडा एकट्याने वाचला आणि त्या मुलाला जवळ घेऊन हळूच विचारलं, "बाळा, तुला काय खेळायला आवडतं?"

तो मुलगा एवढंच म्हणाला, "कुणी घेतच नाही मला."

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. संध्याकाळी खेळायला निघाल तेव्हा त्याच्यासारख्या मुलालाही हाक मारा.