राधूची कवळी

माझ्या भावाचे दात माझ्या हातात आले, तेव्हा त्याचं अंग अजून गारही पडलं नव्हतं.

राधू, म्हणजे डॉक्टर राधाकृष्ण, माझा धाकटा भाऊ. आमच्या श्रीगोंद्यात सुई टोचून, न दुखवता दात काढणारा पहिला तोच. त्याच्याआधी दाढ ठणकली की न्हाव्याकडं जायचं, दोघांनी डोकं धरायचं, आणि जीव राहिला तर घरी यायचं. आई लवकर गेली, राधूला मीच वाढवला. कडुनिंबाची काडी चावल्याशिवाय त्याला कधी भाकरी वाढली नाही. तो मुंबईला शिकून आला, तेव्हा मी गावभर सांगत फिरले, की डॉक्टरकी मुंबईची असेल, पण ते पांढरेशुभ्र दात माझ्या हातचे आहेत.

दुष्काळाच्या साली एका सकाळी दाढी करता करता तो कोसळला आणि गेला. बातमी फुटली तशी माणसं लोटली. खडी फोडायच्या कामावरच्या बाया धुळीच्या अंगानं तशाच आल्या. आत आम्ही आंघोळ घातली. तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा मणी ठेवायचा मान माझा. मी हनुवटी धरून बोट आत घातलं, तर वरची ओळच्या ओळ हिरडीसकट सुटून तळहातावर आली.

मला वाटलं, मीच काहीतरी मोडलं.

त्याची बायको भागिरथी दाराला कडी घालून आली.

"वन्सं, कवळी हाय ती."

"डॉक्टरच्या तोंडात? कवा पडलं त्याचं दात?"

"पडलं न्हाईत. काढलं."

पुढं तिनं सगळं सांगितलं. सुरुवातीला राधू पेटी घेऊन खर्डा गावच्या बाजारात बसायचा. जवळ कुणी फिरकेना. सुई टोचली की माणूस मरतो, म्हणायचे. मग त्यानं भर बाजारात स्वतःला सुई टोचून घेतली आणि कंपाउंडरकडून आपला चांगला, धडधाकट दात काढून घेतला. वर हसला. दुसऱ्या गावात तेच, तिसऱ्यात तेच. नंतर कवळ्या बसवायला लागला, तर लोक म्हणाले, हे मसणातल्या मढ्यांचे दात. तेव्हा वरचे उरलेसुरले काढून त्यानं आपलीच कवळी केली आणि बाजारात उभा राहून शिळी भाकरी आणि फुटाणे खाऊन दाखवले. सगळं जामखेडकडं. का, तर तिकडची बातमी आक्कापर्यंत, म्हणजे माझ्यापर्यंत, येत नाही.

मी त्याच्याकडं बघितलं. गाल आत गेले होते. तो भाऊ वाटेना, म्हातारपणीचा बाप वाटायला लागला. बाहेर माणसं शेवटचं पाणी पाजायला थांबलेली. प्रत्येक जण तोंड बघणार. ज्याला स्वतःचे दात राखता आले नाहीत तो कसला दाताचा डॉक्टर, असं एकानं म्हणायचा अवकाश, तालुकाभर झालं असतं. राधूनं नावाशिवाय मागं काही ठेवलं नव्हतं.

मी कवळी बसवायला गेले. उलटी जाईना, सुलटी जाईना. भागिरथीलाही जमेना, त्यानं तिला कवळीला कधी हातच लावू दिला नव्हता. तेवढ्यात कडी वाजली. भागिरथीनं दार उघडलं, तर भावकीतला वडीलधारा सोपाननाना आत आला. कवळी बघून आधी चरकला, मग नियम सांगायला लागला. चष्मा काढता, अंगठी काढता, तसं हेही बाजूला ठेवा. खोटी वस्तू घेऊन माणूस जात नसतो.

"खोटी न्हाई ती, नाना. त्यानं सवताच्या हातानं घडवलीया. तुमी जलमात सवताच्या हातानं काय घडवलं तेवढं सांगा, मग ठिवते बाजूला."

नाना दोन पावलं मागं सरला. पण दार उघडंच राहिलं होतं, आणि उंबऱ्यात केडगावची गोजरबाई उभी होती. माझ्याच वयाची. या वयात फुटाणे फोडते म्हणून मिरवणारी, आणि माझ्या दाढा गेल्यापासून दर लग्नात, चांगुणेला भाताची पेज सांगा, म्हणून पंगतीत हसू करणारी. तिनं सगळं बघितलं होतं. म्हटलं, झालं, आता ही दवंडी पिटणार.

ती आत आली. माझ्यासमोर बसली. तोंडावरचा पदर बाजूला केला आणि अंगणातल्या माणसांदेखत आपले वरचे दात काढून हातात घेतले.

"आदी वली कर," तिचं बोलणं बोबडं झालं होतं. "आता आशी धर. अंगठ्यानं टाळूला दाब."

मी तिच्या बोळक्याकडं बघतच राहिले. "गोजरे, तुजं बी?"

"तुज्याच भावानं बसवलं. चांगुणाला सांगू नगं म्हनून मीच त्याला शपत घातली हुती."

तिनं दाखवलं तशी मी दाबली. कवळी बसली. गाल भरले, राधू परत राधू झाला. अंगणात कुणी हसलं नाही. गोजरबाईनं आपले दात धुतले, परत बसवले आणि पाणी पाजायला पहिली तीच पुढं झाली.

मी तुळशीचं पान ठेवलं, मणी ठेवला. नानाला म्हटलं, उचला आता. नाना इतका वेळ उपरण्याचा शेव तोंडावर घट्ट धरून उभा होता. त्याच्या तोंडातले दात कुणी घडवलेत, ते मी त्या दिवशी विचारलं नाही.