डोक्यावरची जाळी, दारातली जाळी

मित्रांनो, मला आज हात लावाल तर मी गारच लागेन. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, आणि समोरच्या पत्र्याला एक मोठा पोचा आहे. पण एके काळी माझ्या पोटातून निघालेला टॉवेल लोक गालाला लावून बघत. मी कपडे वाळवणारा ड्रायर आहे. निवृत्त झालेला.

ओहायोतल्या एका कारखान्यात माझा पत्रा वाकवला गेला, आत फिरता पिंप बसवला गेला आणि एका थंडीत मी मिशिगनच्या अगदी उत्तरेला, तांब्याच्या खाणींच्या गावात, एका घराच्या तळघरात आलो. खाणी तोवर बंद पडल्या होत्या. माझी मालकीण लेम्पी आणि तिचा नवरा तौनो, दोघांचे आजी-आजोबा फिनलंडहून तिथे खाणकामाला आलेले. मी येण्यापूर्वी लेम्पी हिवाळ्यातही कपडे बाहेर दोरीवर घालायची. ते गोठून फळीसारखे ताठ व्हायचे. तौनोची पँट काखोटीला मारून ती आत यायची, तेव्हा नवऱ्यालाच उचलून आणल्यासारखं दिसायचं म्हणे.

माझं काम तसं सोपं होतं. ओले कपडे पिंपात गरगर फिरायचे, त्यांच्यातून गरम हवा जायची आणि ओल घेऊन भिंतीतल्या नळीवाटे बाहेर पडायची. मात्र हवेबरोबर कपड्यांचे बारीक तंतूही सुटतात. त्यांची मऊ, करडी लव होते. ती अडवायला आम्हा ड्रायरांना एक जाळी असते.

माझी जाळी माझ्या डोक्यावर होती. उजव्या कोपऱ्यात एक पातळ झाकण होतं, ते धरून वर ओढलं की लांबलचक जाळी बाहेर यायची. प्रत्येक घाण्यानंतर लेम्पी ती ओढायची, बोटांनी लव गुंडाळून काढायची आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. फेकायची मात्र नाही, कारण त्या लवेची वाट शनिवार बघत असायचा.

दर शनिवारी परसातल्या लाकडी सौनात, म्हणजे घाम काढायच्या वाफेच्या खोलीत, तौनो शेगडी पेटवायचा. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खळग्यांत लव दाबून भरायची, वर उरल्यासुरल्या मेणबत्त्यांचं मेण वितळवून ओतायचं, झाली पेटवण तयार. एक काडी लावली की ओली लाकडंसुद्धा धडधडून पेटत. मग दगड तापायचे, त्यांच्यावर पाणी पडायचं, घरदार घामाने न्हाऊन निघायचं. रविवारी ते सगळे टॉवेल धुऊन माझ्याकडे यायचे, आणि मला पुन्हा भरपूर लव मिळायची. वर्षानुवर्षं हे चक्र चाललं. त्यांची मुलगी कॅरल टॉवेलात गुंडाळलेली होती तेव्हापासून ती शिकायला परगावी गेली तोवर.

शेजारणी आल्या की लेम्पी माझ्यावर थाप मारून म्हणायची, "हा एक शब्द बोलत नाही, पण काम करतो. घरात दुसरा एक आहे, त्याचं बरोबर उलटं आहे."

"ऐकू आलं हं मला!" जिन्यावरून तौनो ओरडायचा.

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

मित्रांनो, यंत्रालाही म्हातारपण येतं. माझा पट्टा तुटला, तो तौनोने बदलला. माझी चाकं करकरायला लागली, त्यांना त्याने तेल दिलं. पण शेवटी माझी मोटरच बसली. कॅरलने आईसाठी नवा ड्रायर पाठवला. तो घेऊन आलेल्या दोघांनी मला वर न्यायचा प्रयत्न केला, पण मी आल्यानंतर तौनोने जिन्याला भक्कम कठडा बसवला होता. मी काही त्यातून निघेना.

"राहू दे त्याला," तौनो म्हणाला. "जेवायला थोडाच मागतोय?"

मग नवा माझ्या उजव्या अंगाला, अगदी खांद्याला खांदा लावून उभा राहिला. जाताना त्यांतला तरुण माणूस म्हणाला, "बाई, जाळी दर वेळी साफ करा हं. ती इथे..."

"पोरा," लेम्पीने त्याला मध्येच तोडलं, "तू लंगोटात होतास तेव्हापासून मी जाळ्या साफ करतेय. मला शिकवू नकोस. कॉफी घेणार का ते सांग."

तो हसला. कॉफी प्यायला, वेलदोड्याचा गोड पाव खाल्ला आणि निघून गेला. जाळी कुठे आहे ते सांगायचं राहूनच गेलं.

नव्याची जाळी डोक्यावर नव्हती. ती दारात होती, दार उघडलं की उंबऱ्यासारखी जी कड दिसते तिच्यात खाली खोचलेली. वर जेमतेम बोटभर मूठ.

पहिला घाणा झाला. लेम्पीने टॉवेल काढले, दार लावलं, आणि तिचा हात आपसूक वर आला. नव्याच्या डोक्यावर झाकण नव्हतंच. आमच्या दोघांच्या मधोमध जे एक झाकण होतं ते तिने ओढलं. ते माझं होतं. खरं सांगतो, मला किती बरं वाटलं! वाटलं, ही मला विसरली नाही.

तळघरातल्या मिणमिणत्या दिव्यात तिने जाळी डोळ्यांजवळ नेली आणि जिन्याकडे बघून हाक मारली, "तौनो! अरे, नवं यंत्र किती स्वच्छ आहे बघ! लवेचा कणसुद्धा नाही!"

त्यानंतर रोज तेच. कपडे नव्यातून काढायचे आणि जाळी माझी बघायची. माझा आनंद दोन-चार दिवसांतच विरला. माझ्या लक्षात आलं, लव तर पडतेच आहे. ती नव्याच्या दारात साठते आहे. मी ओरडू शकत नव्हतो. नव्याचा पत्रा, जो माझ्या पत्र्याला टेकलेला होता, दिवसेंदिवस जास्त तापायला लागला. हवेला वाटच मिळेना. मोजे दमट राहू लागले. लेम्पी म्हणाली, "आजकालची यंत्रं आळशी," आणि तेच कपडे पुन्हा फिरवू लागली. आमच्या बरोबर वर तिचं स्वयंपाकघर होतं. घर सगळं लाकडी.

एका शनिवारी तौनोच्या पेटवणी संपल्या.

"लवेचा डबा कुठाय गं?"

"रिकामा आहे. नवं यंत्र लव पाडत नाही, सांगितलं ना तुला."

"पाडत नाही म्हणजे?"

"म्हणजे पाडत नाही. सुधारलंय जग. तूच तेवढा राहिलायस."

तौनो वर्तमानपत्रं चुरगळून शेगडी पेटवत बसला. धूरच जास्त झाला. डोळे पुसत तो स्वयंपाकघरात आला असावा, कारण त्याचा आवाज मला वरून स्पष्ट ऐकू आला. "टॉवेल तेच. अंग पुसणारे आपण तेच. मग लव गेली कुठे?"

"मला काय विचारतोस? खाल्ली असेल यंत्राने."

मग जिना धडधडला. त्या वेळी नवा फिरत होता, आणि करपल्याचा वास तळघरात नुकताच पसरू लागला होता. तौनोने आधी यंत्र बंद केलं. दार उघडलं, कपडे बाहेर ओढले, विजेरी घेऊन गुडघ्यांवर बसला. कडेवरून बोट फिरवता फिरवता त्याला ती मूठ लागली. ओढली तर निघेना. जोर लावला तेव्हा जाळीबरोबर करड्या घोंगडीसारखा जाड थर बाहेर आला. त्याची एक कड तपकिरी झाली होती.

ही लव काडी लावताच कशी पेटते, ते त्या माणसाइतकं कोणाला ठाऊक असणार? तो खालच्या पायरीवर बसून राहिला. लेम्पी पिठाच्या हातांनी खाली आली.

"ही बघ तुझी सुधारणा," तो हळूच म्हणाला.

तिने माझ्याकडे बघितलं, नव्याकडे बघितलं. "पण मी रोज जाळी काढत होते रे. रोज."

"काढत होतीस. याची." तौनोने माझ्यावर हात ठेवला. मग तिचा पांढरा पडलेला चेहरा पाहून म्हणाला, "जाऊ दे. वर्षभराच्या पेटवणी झाल्या. चल, सौना गार होतोय."

लेम्पी हसली नाही.

मित्रांनो, आता सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटेल. पण रविवारी टॉवेल वाळले, लेम्पीने दार लावलं, आणि तिचा हात पुन्हा माझ्या डोक्याकडे आला. ती मध्येच थबकली, वाकली, खालची जाळी काढली. सोमवारीही तसंच. बुधवारी ती काही तरी गुणगुणत होती, आणि थबकलीच नाही. माझी कोरी जाळी हातात धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली.

संध्याकाळी ती तौनोला म्हणाली, "कठडा काढ. याला वर न्यायचंय."

"अगं, कठडा नसला तर तू पडशील."

"भिंत धरून चालेन. हा समोर आहे तोवर माझा हात ऐकणार नाही. मला माझं घर जाळायचं नाहीये."

तौनोने कठड्याचे स्क्रू काढले. शेजारच्या दोघांनी हातभार लावला, आणि मी पायरी पायरी वर आलो. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या घरासाठी मी करू शकेन असं तेवढं एकच काम उरलं होतं.

मला कोणी विचारेल, डोक्यावरची जाळी बरी की दारातली? माझी उभ्याने ओढता यायची, पण माझ्यावर घडी केलेल्या कपड्यांचा ढीग असला की माणसं आळस करत, आणि ओढताना अर्धी लव माझ्या मागे सांडायची. नव्याची दार उघडताच हाताशी येते, सांडत नाही, पण वाकावं लागतं, आणि ठाऊक नसेल तर ती दिसतच नाही. दोन्ही जागा चांगल्या आहेत. म्हणून घरात नवं यंत्र आलं की त्याच्यापुढे नवशिक्यासारखं बसा. सांगणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात जुन्या जागी गेला तर त्यांना हसू नका. तो हात धरून नवी जागा दाखवा, चार वेळा दाखवावी लागली तरी.

मी सध्या घराच्या मागच्या भिंतीशी उभा आहे. बर्फ वितळला की भंगारवाल्याचा ट्रक येईल. माझ्या जरा वर नव्याची नळी भिंतीतून बाहेर येते. तो सुरू झाला की मी वाफेकडे बघत राहतो. आजही बघितली. भरभरून, जोरात बाहेर आली आणि अंगणभर पसरली. म्हणजे आज लेम्पी वाकली होती.