बाबांच्या घड्याळाचं वय

बाबा अशा काही पुड्या सोडायचे, की गल्लीतले कावळे ओरडायचं थांबवून ऐकत बसायचे. म्हणे त्यांच्या एका शिंकेने शेजारचा दिवा विझला आणि दुसरीने परत लागला. असा हा माणूस गेला, तो मागे दोन मुली आणि एक मनगटी घड्याळ ठेवून. घड्याळही बंद.

"तू जन्मलीस त्या वर्षी घेतलं, नवंकोरं," असं त्यांनी ताईला सांगितलेलं. आणि धाकटीलाही अगदी हेच. दोघींत अंतर चांगलं सात वर्षांचं. झालं, जुंपली. शेवटी ठरलं की घड्याळाचं साल काढून घ्यायचं आणि जिचं साल निघेल तिने ते ठेवायचं.

घड्याळाच्या दुकानाची पायरी ताई धाकटीच्या आधी चढली. घड्याळाचं काय हो, तिला बाबांच्या सगळ्या थापांत आपल्या वाट्याची एक गोष्ट तरी खरी निघायला हवी होती.

घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण फिरवून काढलं आणि आतला नंबर वाचला. "या मॉडेलची केस, म्हणजे हे बाहेरचं कवच, एकच वर्ष निघालं," म्हणाले आणि साल सांगितलं. ताईचंच साल.

"बघ, म्हणजे मलाच गंडवलं," धाकटी म्हणाली आणि पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागली. ताईला आनंद व्हायला हवा होता. मेला होईचना.

"थांबा की, मशीन बघायचंय अजून." काकांनी चिमट्याने मशीन उचललं. "हे या केसमधलं नव्हेच. सात वर्षांनंतरचं आहे."

धाकटीचं डोकं पर्समधून वर आलं.

"म्हणजे भेसळ?" ताईने विचारलं.

"भेसळच. पण कशापायी, ते बघा. केसला आतून गंजाचे डाग, मशीनवर एक ठिपका नाही. जुनं मशीन पाण्यात जाऊन सडलं असणार. केस तीच ठेवून दुसरं नवं बसवलंय."

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"कालवा," धाकटी म्हणाली.

तिच्या जन्माची बातमी ऐकून बाबा सायकलवरून दवाखान्याकडे सुटले ते थेट कालव्यात, आणि एका कासवाने त्यांना पाठीवर घेऊन दवाखान्याच्या दारात सोडलं, ही गोष्ट ते दर वाढदिवसाला सांगायचे. घरातलं कुणी विश्वास ठेवेल तर शपथ.

"म्हणजे खरंच पडले होते गं," ताई म्हणाली. "काका, आणि कासव?"

"कासवाचं मशीनवरून नाही कळत," काका अगदी गंभीरपणे म्हणाले.

धाकटी हसता हसता नाक पुसायला लागली. "मग आता कुणी ठेवायचं?"

"केस माझी, मशीन तुझं. वेगळं केलं तर दोघींच्या हातात भंगार. आलटून पालटून घालू. न्यायला तू माझ्याकडे ये, मी तुझ्याकडे येते."

"जेवायला घालशील?"

"आधी ये तर."

काका मशीन परत बसवता बसवता थबकले. "तबकडी मात्र तिसऱ्याच सालाची आहे बरं का. बरीच अलीकडची. त्या साली काय झालं होतं?"

काहीच झालं नव्हतं. कुणी जन्मलं नव्हतं, कुणी पडलं नव्हतं. धाकटीने खांदे उडवले. ताईने मात्र घसा खाकरला. आयुष्यात कधी साधी थाप न मारलेली बाई ती.

"त्या साली ना," ती म्हणाली, "बाबांच्या हातावरची तबकडी शहामृगाने गिळली होती."

काकांनी भिंग काढून ठेवलं आणि दोघींसाठी स्टुलं पुढे सरकवली.