सीताफळाखालची चौकट

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आईनं सांगून टाकलं, "मी क्वार्टर सोडत नाही. तुहे बाबा अजून इथंच हायेत."

पुरावा मागच्या अंगणात होता. माझे बाबा, दौलतराव, शेवटची सहा वर्षं कायम दुपारच्या शिफ्टला होते. दीडला मागच्या दाराशी एकदा खोकायचे, सीताफळाखाली चिमूटभर कणीक टाकायचे आणि सायकल काढून प्लांटला निघायचे. आता कणीक टाकणारं कुणी नव्हतं, तरी दीडला काळ्या मुंग्यांची रांग येतच होती.

सेक्टर दहाचं हे घर प्लांटचं, पुढच्या महिन्यात रिकामं करायचं होतं. आईला आपल्याकडे न्यायला कुम्हारीहून थोरल्या भावाचा, बबलूदादाचा, रोज फोन. "नीतू, तू मुंग्यांवरच शिकून राहिली ना? मग समजाव तिले."

मी प्राणिशास्त्रात एमएस्सी केलेली. मुंग्यांचं वर्तन हाच माझा प्रकल्प. तेरवीची पंगत अंगणातच बसली होती, अन्न सांडलं होतं, त्यामुळे मुंग्या आल्याचं मला नवल वाटलं नाही.

"आई, त्यायले टाइमची सवय लागते. खाणं भेटलं नाही तं आठ-दहा दिवसांत बंद होतीन. मी मोजून दाखवतो."

"मोज. बंद झाल्या तं मी गाठोडं बांधतो. नाही झाल्या तं बबलूले सांग, टेम्पो पाठवू नको."

स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या डब्यातली रांगोळी घेऊन मी सीताफळाखाली फूटभर चौकट आखली. आई सकाळी अंगण धुवायची, रेघ पुसून जायची. म्हणून रोज सव्वाला नवी. दीड ते पावणेदोन, आत शिरणाऱ्या मुंग्या मोजायच्या.

चव्वेचाळीस. एक्केचाळीस. सेहेचाळीस. दहाव्या दिवशी बावन्न.

आईवर संशय आला. मागच्या दाराला कुलूप घालून किल्ली मी जवळ ठेवली. अठ्ठेचाळीस.

आणखी एक होतं. दीडच्या जरा आधी, पाठीमागे दाराशी, खोकल्याचा आवाज यायचा. कोरडा, एकदाच. वळून पाहिलं की नुसतं दार. ते मी वहीत लिहिलं नाही. कुणाला सांगितलंही नाही.

तेराव्या दिवशी एक मुंगी रेघेवरून परत फिरताना दिसली. तोंडात पांढरा कण. मी रेघेवर बोट टेकवलं, जिभेला लावलं.

"आई, हा डबा कशाचा हाय?"

"चौकाचा. दिवाळीत दारात चौक नाही पुरत का? तांदळाचं पीठ हाय ते."

नागपूरकडे मावशीच्या घरी रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. पण आई तीस वर्षं छत्तीसगढी शेजारणींबरोबर पिठानं चौक पुरत आली होती, आणि मी मोजमापाच्या नादात डब्यात काय आहे तेच पाहिलं नव्हतं. मुंग्यांना रोज मीच खाऊ घालत होते. बाबांच्या वेळेला.

आई रागावली नाही. "मग आता नको टाकू. पाहू."

मी चार खिळे ठोकून दोऱ्याची चौकट केली. एकतीस. एकोणीस. सात. दोन. नवव्या दिवशी पावणेदोनपर्यंत बसले. शून्य. माझं म्हणणं खरं ठरलं होतं.

मागे आई उभी होती, गाठोड्याची चादर घेऊन. "बबलूले फोन लाव. टेम्पो पाठव म्हणा."

मग रिकाम्या चौकटीकडे पाहत हळूच म्हणाली, "आज खोकलले नाही ना ते?"

मी उठले, खिडकीतला डबा काढला, झाकण उघडलं. आईनं माझं मनगट धरलं.

"राहू दे, नीतू. जाऊ दे आता त्यायले."