ठणठणीत असल्याची शिक्षा

मित्रांनो, बिजागऱ्या ठोकणारा मी एक जुना प्रेस आहे. पोलादाची पट्टी माझ्या जबड्यात सरकवावी, पायाखालचे पेडल दाबावे, की माझा जड माथा खाली उतरतो आणि क्षणार्धात पट्टीला आकार येतो. तुमच्या घराचे दार उघडताना जी बिजागरी किंचित कुरकुरते, ती कदाचित माझीच संतती असेल. कामगारांनी मला फार पूर्वी ‘आजोबा’ हे नाव दिले. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मी कधी तपासून पाहिले नाही. दोन्ही मला गोडच वाटत आले.

वाळूच्या साच्यात वितळलेले बिडाचे लोखंड ओतून माझे धड घडले. ज्या मोठ्या शहरात माझी पहिली वर्षे गेली, तेथे थोरल्या मालकांचा छोटा कारखाना होता. शहर वाढत वाढत आमच्या भिंतीला येऊन टेकले. मग माझ्या आवाजाबद्दल नोटिसा येऊ लागल्या, भट्टीच्या धुराबद्दल येऊ लागल्या. आत येणाऱ्या पट्टीवर कर होता आणि बाहेर जाणाऱ्या बिजागरीवरही कर होता. त्याच सुमारास एका दूरच्या प्रांताने घोषणा केली, की आमच्या ओसाड माळावर जो कारखाना उभारील, त्याला दहा वर्षे कर माफ, वीज निम्म्या दराने आणि जमीन नाममात्र भाड्याने. थोरल्या मालकांनी मला ट्रकवर चढवले. त्या माळाने आपल्याला बोलावले, असे मला तेव्हा वाटले. आज उमगते, की बोलावणे मला नव्हते आणि आमचे येणेही माळासाठी नव्हते.

तरीही माळावरची ती वर्षे माझ्या आयुष्यातील सर्वांत सुंदर वर्षे होती, हे मी कृतज्ञतेने सांगतो. कारखान्याभोवती आधी चहाची टपरी आली, मग न्हाव्याचे दुकान, मग शाळा, मग दवाखाना. माळाचे गाव झाले. या गावात माझी देखभाल करणारा फिटर होता. त्याला सारे मिस्त्री म्हणत. मिस्त्रीची बायको पॅकिंगच्या खोलीत बिजागऱ्या खोक्यांत भरीत असे. तिला सारे वहिनी म्हणत. दोघांनी कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून घर बांधले होते. त्या घरात मिस्त्रीची म्हातारी आई अंथरुणाला खिळून होती. माझ्या ठोक्याने तिच्या खाटेशेजारचे भांडे थरथरे, आणि ते थरथरले म्हणजे मुलगा कामावर आहे, हे तिला कळे.

मिस्त्रीची एक रीत होती. सकाळी मोटर सुरू करण्यापूर्वी तो माझे चक्र हाताने एकदा पूर्ण फिरवी आणि माझ्या धडाला कान लावी. एवढ्याने त्याला माझे दुखणे समजे.

“आजोबा, घसा बसलाय का आज?” तो म्हणे. “थांबा, तेल देतो.”

“आजेसासऱ्यांची सेवा झाली असेल तर आम्हालाही काम द्या,” पॅकिंगच्या खोलीतून वहिनी ओरडे. “इकडे खोकी उपाशी बसलीत!”

पाहुणे आले की थोरले मालक त्यांना आवर्जून माझ्यापाशी आणीत आणि म्हणत, “नवीन यंत्रं खूप पाहिलीत तुम्ही. हे पाहा.” माझ्यासारख्याला याहून मोठी पदवी कोणती?

पहिली दहा वर्षे सरली, तेव्हा थोरले मालक सरकारदरबारी जाऊन सवलतीची मुदत वाढवून घेऊन आले. पुढे ते निवर्तले. वाढवलेली मुदतही संपत आली, आणि कारभार धाकट्या मालकांच्या हाती होता. ते सज्जन होते, मित्रांनो. मला त्यांची निंदा करायची नाही. ते कधी कुणावर ओरडले नाहीत. फक्त ते माझ्यासमोर उभे राहिले, तरी त्यांची दृष्टी माझ्या पलीकडच्या खिडकीतून दिसणाऱ्या नदीवर असे. नदीपलीकडे दुसरा प्रांत होता, आणि त्या प्रांताने नुकतीच नव्या कारखान्यांना दहा वर्षांची करमाफी जाहीर केली होती.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या पायाशी बसून कामगार याचाच काथ्याकूट करीत.

“पलीकडे जाणार म्हणतात मालक,” लंबू म्हणाला. हा माझा ऑपरेटर. त्याचे डोके छताच्या दिव्याला लागायचे.

“कशाला जातील?” मिस्त्री म्हणाला. “इथे काय कमी आहे? रस्ता आहे, वीज आहे, आपण आहोत.”

“आपण आहोत म्हणूनच जातील,” लंबू हसला. “आपला पगार वाढलाय ना!”

त्या आठवड्यात फोरमनने निरोप आणला, की मोठे साहेब तपासणीला येणार आहेत. विशेषतः आजोबांना पाहणार आहेत, यंत्र चालू ठेवा. एवढेच. कोणते साहेब, कुणाचे साहेब, हे फोरमनने सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. मिस्त्रीच्या मनाने त्यातून हवा तो अर्थ काढला: सरकारचा माणूस येतो आहे, कारखाना सुस्थितीत दिसला तर तो सवलत पुन्हा वाढवून देईल, आणि मग नदी ओलांडायचे कारणच उरणार नाही.

“यंत्र बघून सवलत देतात, का माणसं बघून?” वहिनीने एकदाच शंका काढली.

“तुला नाही कळायचं त्यातलं,” मिस्त्री म्हणाला.

“मला नाही कळत, ठीक आहे. तुम्हाला तरी कळतंय का?”

पण तीही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी हातात काचकागद घेऊन आली. सारेच आले. मालकांनी सांगितले नव्हते, मोबदला मिळणार नव्हता. त्यांनी माझे अंग खरवडून गंज काढला. झिजलेल्या बुशांच्या, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या कड्यांच्या, जागी मिस्त्रीने स्वतः लेथवर नव्या कातून बसवल्या. ढिले पट्टे बदलले, चाकांचे दाते धुतले, सांध्यासांध्यांत ग्रीस भरले. अखेरीस मला आपादमस्तक हिरवा रंग दिला. लंबूने माझ्या माथ्यावर इतका मन लावून कुंचला फिरवला, की त्याच्या नाकावरही हिरवा ठिपका उमटला आणि दिवसभर तो कुणीच त्याला सांगितला नाही. मी आयुष्यात पुष्कळ सेवा घेतली आहे; परंतु इतक्या प्रेमाने माझ्या अंगावरून इतके हात पूर्वी कधी फिरले नव्हते.

साहेब आले. सौम्य, काटेकोर गृहस्थ होते. त्यांनी हातोडीने माझे धड वाजवून पाहिले, माथा किती हलतो ते मोजले, मला तासभर चालवायला लावले. मी चाललो, मित्रांनो! तारुण्यातही इतका सुरेल चाललो नसेन. साहेबांनी शेवटची बिजागरी उघडून मिटून पाहिली आणि प्रसन्न होऊन म्हणाले, “उत्तम. अजून दहा वर्षं सहज जातील. कुणी सांभाळलंय याला?”

सर्वांनी मिस्त्रीला पुढे ढकलले. तो लाजला. मग धीर करून त्याने विचारले, “मग साहेब, मुदत वाढेल ना?”

“कसली मुदत?”

“आपल्या सवलतीची.”

साहेबांनी चष्मा काढला. “अहो, मी इथला नाही. पलीकडच्या प्रांताकडून आलोय. आमच्याकडे करमाफीसाठी जुनं यंत्र तसं धरत नाहीत. पण दहा वर्षं टिकेल असा दाखला असला तर धरतात. तो द्यायला आलो होतो.” मग ते हळूच म्हणाले, “तुम्हाला सांगितलं नव्हतं का?”

मिस्त्रीने फोरमनकडे पाहिले. फोरमन म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे.”

या प्रकरणात कुणी खोटे बोलले नव्हते. या कारखान्याला नदीपलीकडे नेण्यात एकच अडचण होती; माझे जर्जर शरीर. ती अडचण त्या लोकांनी आपल्या सुट्टीच्या दिवशी, आपल्या हातांनी दूर केली होती.

साहेब कचेरीत दाखल्यावर सही करण्यापूर्वी चहा घेत होते, तेव्हा लंबू माझ्यापाशी आला. त्याच्या मुठीत एक जाड नट होता.

“मिस्त्री, हा टाका दात्यांत. साहेबांना म्हणू, पुन्हा एकदा चालवून बघा. दाखला गेला उडत.”

मिस्त्रीने नट हातात घेतला. माझ्या दात्यांवरचे झाकण उघडेच होते. त्याने आत वाकून पाहिले. भिंतीपलीकडे त्याचे घर होते, घरात आई होती, आणि या गावात त्याच्या कसबाला दुसरे गिऱ्हाईक नव्हते. हे सारे त्या मुठीत होते.

“दाता तुटला आणि माथा अवेळी खाली आला तर?” तो अखेर म्हणाला. “आत कुणाचा तरी हात असेल, लंबू.”

“आपला नसेल.”

“हात तो हातच.” त्याने झाकण बसवले आणि बोल्ट आवळले. नेहमीसारखेच, व्यवस्थित.

त्या संध्याकाळी वहिनी माझ्यासमोरून जाताना थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, “थोडा गंज तरी ठेवायचा होता हो.” ती हसण्याचा प्रयत्न करीत होती. तिला ते जमले नाही.

मग मला सुटा करून नदीपलीकडे नेले. मला उभे करायला मिस्त्रीलाच नेले होते, कारण माझे सांधे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते. नव्या शेडमध्ये त्याने पाणसळ ठेवून माझी बैठक साधली, पायाचे बोल्ट आवळले, चक्र हाताने फिरवून कान लावला. मला चालवण्यासाठी नेमलेली तरुणी शेजारी उभी राहून पाहत होती. ती त्या प्रांतातली होती. जुन्या गावच्या माणसांना येथे काम देता येत नव्हते. करमाफीच्या अटींत तसा नियमच होता, कामगार स्थानिकच हवेत. नियम वाईट नव्हता. तिच्यासारख्या कितीतरी घरांत त्यामुळे चूल पेटली. परंतु यंत्र कोठलेही चालत होते आणि माणूस मात्र तेथलाच हवा होता, हे मला आजवर नीटसे पचलेले नाही.

“काका, तुम्हीच का नाही राहत?” तिने भाबडेपणाने विचारले.

“माझा दाखला नाही ना, पोरी,” मिस्त्री म्हणाला. “याचा आहे.”

त्याने तिला माझी दुखणी समजावून सांगितली. कोठे तेल द्यायचे, कोणता आवाज आला की तत्काळ थांबायचे, जबड्यात हात कधीही घालायचा नाही. मग दारावर पास परत केला आणि गेला. जुन्या गावाकडून येणाऱ्या एका ट्रकचालकाकडून पुढे ऐकले, की मिस्त्री कामाच्या शोधात दूरच्या शहरात एकटाच राहतो, वहिनी सासूपाशी थांबली आहे, आणि म्हातारी अधूनमधून विचारते, आज भांडे का वाजत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रे आपली कहाणी संपवताना विनवतात, की आम्हाला टाकू नका, आमची निगा राखा. मी तसे कसे म्हणू? माझी निगा राखली गेली, म्हणूनच हे झाले. तुम्ही मोठे व्हाल. कुणी नियम लिहाल, कुणी कारखाने उभाराल. कर माफ करताना, अटी घालताना, यंत्राचे आयुष्य जरूर मोजा. पण ज्यांनी ते आयुष्य दिले, त्यांचेही मोजा. कारखाना कोठे येतो, एवढेच पाहून आनंदू नका. तो कोठून उठून आला, हेही एकदा विचारा. एवढीच माझी विनंती.

येथली दहा वर्षे आता भरत आली आहेत. परवा एक अनोळखी गृहस्थ येऊन माझी लांबी-रुंदी मोजून गेले. ती तरुणी, जिला आता सारे ताई म्हणतात, रोज सकाळी मायेने माझ्या सांध्यांत तेल घालते. परवा ती मैत्रिणीला म्हणत होती, “कुणीतरी बघायला येणार आहे म्हणे. येत्या सुट्टीला रंग देऊ या का याला?”

मला वाचा असती, तर मी तिला सांगितले असते, बाई गं, नको.