मास्तरांची ओळ

"त्यायचा आवाज लावून दे मले," रुपामावशी म्हणाली. "वर्साची प्रार्थना हाय पुढच्या रविवारी. मंडळी फोटोले हार घालन. मले फोटो कुठं दिसते?"

साखरेच्या आजाराने तिचे दोन्ही डोळे नेले, त्याला चार वर्षं झाली. तिचे यजमान, आमच्या कॉयरचे सेवादास मास्तर, गेल्या भादव्यात गेले, म्हणजे तिने त्यांचा शेवटचा चेहराही पाहिलेला नाही, हाताने चाचपला फक्त. मी तिच्या ओसरीवर बसून चहा पीत होते आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "एवढंच ना मावशी? तीन अल्बम आहेत आपल्या कॉयरचे. आणते उद्या."

बोलून गेले. आमच्याकडे म्हणतात, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मेडशीजवळच्या आमच्या प्रार्थनाघराचा कॉयर चौदा जणांचा. 'उगवतीचे दान', 'मातीचे पात्र', 'दाराशी दिवा' हे आमचे तीन अल्बम. पहिले दोन सीडीवर आले, तिसरा पेन ड्राइव्हवर. रेकॉर्डिंग नेहमी भादव्यात, कारण दसरा झाला की अर्धा कॉयर ऊसतोडीला जायचा. कव्हरवर कोणाचंही नाव टाकायचं नाही, हा मास्तरांचा हट्ट. "नाव एकाचंच," म्हणायचे आणि बोट वर करायचे.

घरी येऊन मी तिन्ही अल्बम लावले. एकतीस गाणी. वच्छलाचा आवाज आहे, धनराजचा खर्ज आहे, माझा तर आहेच आहे, सगळ्यांच्या वर. मास्तर कुठेच नाहीत.

मला आश्चर्य वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण वाटलं नाही. ते का नाहीत हे मला ठाऊक होतं.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हते. चौथी शिकलेले, लोकांच्या वावरात सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, जायचे. तरुणपणी तांड्यात भजनं म्हणायचे, पुढे प्रभूकडे आले, गळा तोच घेऊन आले. कॉयरमध्ये अर्ध्या लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांची एक रीत होती. ओळ सुरू व्हायच्या आधी ते ती खालच्या आवाजात, भरभर बोलून द्यायचे आणि मग आम्ही ती गायचो. पुन्हा पुढची ओळ, पुन्हा आम्ही. मध्येच कोणाला सांभाळायचं असलं तर तेही त्याच आवाजात सांगायचे. स्वतः गायचे नाहीत. "गानं तुमचं. म्या फक्त ओळ हाती देतो," म्हणायचे. सगळ्या गाण्याच्या खालून तो आवाज वाहत असायचा. उपासनेला आलेल्या म्हाताऱ्या त्या आवाजाच्या आधारानेच गायच्या.

मी शाळेतली बाई. पेटी शिकलेली, अकोल्याच्या मोठ्या चर्चचा कॉयर ऐकलेली. मला त्या बोलण्याची लाज वाटायची. नाकाने कांदे सोलायची सवय, दुसरं काय.

सोळा वर्षांपूर्वी, पहिल्या अल्बमला, आम्ही कारंज्याला बादलच्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओ म्हणजे कापडाच्या दुकानामागची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. पहिलं गाणं झालं, बादलने ऐकवलं. प्रत्येक ओळीआधी मास्तरांची कुजबुज. मी त्याला म्हणाले, "हा आवाज काढून टाका. हे काय अल्बमसारखं वाटतं का? बाजारात कोणी लिलाव पुकारतोय असं वाटतं."

चौदाच्या चौदा जण तिथेच होते. मास्तरही होते.

बादल म्हणाला, "मधल्या जागा कापतो मॅडम. पन गाण्याच्या अंगावर आलेला आवाज निघत नसते. त्यायले गप राहू द्या."

मी मास्तरांकडे वळले. ते हातातला रुमाल घडी करत होते. "बरं बाई," म्हणाले. "देवाचं नाव आयकू आलं म्हंजे झालं."

त्यानंतर तिन्ही अल्बमांत मास्तर समोर उभे राहून नुसते हात हलवायचे. ओठ गच्च मिटलेले. मी प्रत्येक वेळी तीन-तीन महिने आधी सगळ्यांकडून गाणी पाठ करून घेतली आणि त्याचा अभिमानही मिरवला. लोक म्हणाले, काय सफाई आहे! मी म्हणाले, मेहनत आहे.

मंडळीत कोणाच्या फोनमध्ये तरी आवाज असेल म्हणून मी घरोघर विचारलं. पण उपासनेला फोन दाराशी टोपलीत ठेवायचा, हा नियमही त्यांचाच. त्यांचा स्वतःचा फोन बटनांचा. धनराजच्या लग्नाची सीडी सापडली, तिच्यात मास्तर तोंड हलवताना दिसतात आणि वर बँड वाजतो. मंडळीतली बेबीबाई म्हणाली, "तू म्हन ना त्यायच्यासारखं अन् फोनात भरून दे. तिले काय दिसते?" खरं सांगते, मी दार लावून प्रयत्नही केला. मग स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

गुरुवारी शाळेत रजा टाकून एसटीने कारंज्याला गेले. बादल आता मोबाइल दुरुस्त करतो आणि लग्नांना डीजे लावतो. मी म्हणाले, "पहिल्या गाण्याचं न कापलेलं रेकॉर्डिंग पाहिजे."

"ते कुठलं आता मॅडम? तो कम्प्युटर भंगारात गेला." मग माझं तोंड पाहून त्याने खुर्ची सरकवली. "थांबा. सीडी आनली का? मले आठवते, एक जागा माह्याच्यानं कापली गेली नव्हती."

मी सीडी काढून दिली. त्याने कानावर घालायचे मोठे हेडफोन दिले आणि चौथ्या कडव्यापाशी गाणं आणून थांबवलं. आमचे आवाज त्याने खाली ओढले, काय काय बटनं फिरवली. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा मला ऐकू आलं. माझ्या लांबवलेल्या सुराखाली दबलेले, दमलेले, पण तेच मास्तर.

"ज्योत्स्ना, हळू वं."

एवढंच. तीन अल्बम, एकतीस गाणी, आणि मास्तरांचे तीन शब्द. मी सगळ्यांच्या डोक्यावरून ओरडत होते आणि ते मला सांभाळत होते. त्यानंतर दहा मिनिटांनी मी त्यांना गप्प केलं.

बादलने तेवढा तुकडा माझ्या फोनमध्ये घालून दिला. पैसे घेतले नाहीत. परतीच्या बसमध्ये मला वाटत होतं, हा फोन खिडकीतून फेकून द्यावा. मावशीला काय सांगू? तुझ्या नवऱ्याचा आवाज सापडला, आणि त्यात माझं नाव आहे?

शनिवारी संध्याकाळी गेले. मावशी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. माझी चाहूल तिला पायरीवरच लागली.

"सापडला काय?"

"एवढासाच आहे, मावशी."

"असू दे. लाव."

मी फोन तिच्या कानाशी धरला. तिने दोन्ही हातांनी माझं मनगट पकडलं. आवाज आला आणि गेला. तिचं तोंड उघडं राहिलं.

"तुह्यं नाव घेतलं त्यायनं," ती म्हणाली.

"हो."

"माह्यं कधीच घेतलं नाई. बेचाळीस वर्सं नुसतं 'अवं' म्हने. त्यायच्या तोंडून रुपा कसं वाजते, मले मालूमच नाई."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मावशी, त्यांचा आवाज मीच काढायला लावला होता. पहिल्याच दिवशी. सगळ्यांसमोर. नाहीतर प्रत्येक गाण्यात तुला सापडले असते."

तिने माझं मनगट सोडलं नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी आले अन् जेवले नाई. म्या इचारलं, काहून जेवत नाई? तर म्हने, माह्या बोलन्यानं गानं खराब होते म्हनते ज्योत्स्ना. मंग म्हने, पोरगी हुशार हाय, तिचं खरं असन. सकाळी उठून गेले तुमच्या संगं, तुमी बलावलं होतं म्हनून."

सोळा वर्षं तिला हे माहीत होतं. या सोळा वर्षांत तिने माझ्यासाठी कितीदा चहा ठेवला, माझ्या पोरीच्या बाळंतपणात गोधडी शिवून दिली. एकदाही बोलली नाही.

"तू मला कधी काही म्हणाली का नाहीस?"

"म्हनून काय होनार होतं? तवा ते होते ना घरात. आवाज घरातच होता माह्या." तिने फोन चाचपला. "लाव अजून."

मी लावलं. तिने पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. चौथ्यांदा लावताना माझा बांध फुटला. मी रडायला लागले, तेही हुंदके देऊन, माझ्या स्वभावाप्रमाणे मोठ्याने, आणि तेवढ्यात फोनमधले तीन शब्द येऊन गेले.

मावशीने अंधारात माझा चेहरा शोधला आणि तळहात माझ्या तोंडावर दाबून धरला.

"हळू वं," ती म्हणाली. "आयकू येऊ दे मले."